लहान घराचं शेत

आंगदुईनं फावड्याचं पातं पाटाच्या तळाला टेकवलं आणि वाकून पाहिलं. कालपर्यंत पातं बुडून दांड्यालाही पाणी लागत होतं. आज निम्मं पातंही भिजलं नाही. त्यानं फावडं उचलून खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वर काहीतरी झालंय, मॅडमजी."

तो आणि गावातली आणखी काही माणसं पाटाच्या काठाकाठानं वर निघाली, त्यांच्यामागून मीही निघाले. हा पाट डोंगराच्या कुशीतून, कड्यांना बिलगत, बर्फाच्या तोंडापासून गावापर्यंत यायचा. जिथं दगड फोडता आला नव्हता तिथं पोकळ केलेली लाकडं टाकून पाणी पुढे नेलेलं होतं. दुपार होता होता आम्ही पाटाच्या मुखाशी पोचलो आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले.

वरच्या हिमनदीचा एक तुकडा तुटून खाली आला होता. त्याच्याबरोबर डोंगराची सगळी बाजू घसरली होती. जिथं पाटाचं तोंड होतं तिथं घराएवढे दगड पडले होते. पाणी आटलं नव्हतं. दगडांच्या खालून त्याचा खळखळाट ऐकू येत होता. त्यानं फक्त वाट बदलली होती. ते आत शिरून पलीकडच्या नाळेनं सरळ नदीला मिळत होतं. दगडांच्या फटीतून पाझरून जेवढं इकडे येत होतं, तेवढंच आता गावाचं.

आंगदुई दगडावर पालथा पडला, फटीत हात घालून त्यानं पाण्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला. खांद्यापर्यंत हात आत गेला. पाणी हाताला लागलं नाही.

स्पितीच्या त्या खोऱ्यात मी गेले ते जमिनीच्या कामासाठी. कुठली जमीन पिकाखाली आहे, कुठली गवताला राखलेली, विलोची झाडं कुठं लावलीत, पडीक किती, हे गावोगाव फिरून नकाशावर उतरवायचं होतं. माझं माहेर माण तालुक्यातलं. कोरडी जमीन मी जन्मापासून पाहिलेली. पण आमच्याकडे उन्हाळा संपला की कधीतरी ढग येतात. तिथं ढग डोंगरांच्या पलीकडेच राहतात. पाऊस नाहीच म्हणा. सगळे डोंगर उघडे, पिवळे, राखाडी, कुठं कुठं जांभळट. मध्ये नदी, आणि नदीच्या वर उंच कड्यावर एखाद्या फळीसारखी सपाट जागा. त्या फळीवर गाव, गावाभोवती हिरवी शेतं, आणि ती हिरवळ जिथं संपते तिथून पुढे पार क्षितिजापर्यंत गवताची काडी नाही. पाटाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं. त्या रेषेवर उभं राहिलं की एक पाय सातूच्या शेतात आणि दुसरा वाळवंटात असायचा.

मी आंगदुईच्या घरी उतरले होते. तो पन्नाशीचा, रुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. रस्त्याच्या कामावर राहून हिंदी शिकलेला. त्या वर्षी गावाचा गटपो तोच होता. गटपो म्हणजे गावचा मुखिया, दरवर्षी पाळीनं बदलणारा. घरात त्याची बायको देचेन आणि दोन मुली. आई-वडील गावातच, पण निराळे राहत.

ही तिथली रीत होती. जमीन वाटायची नाही. थोरला मुलगा कर्ता झाला की मोठं घर आणि सगळी शेतं त्याची. बापानं त्या दिवशी चुलीजवळची आपली जागा सोडायची आणि बायकोला घेऊन लहान घरात जायचं. त्या लहान घराला एक लहानसं शेत, तेवढ्यावर म्हातारा-म्हातारीचा वर्षाचा सातू. धाकट्या मुलांना जमीन नाहीच, ती मठात जायची. आंगदुईचा धाकटा भाऊ तांडुप मठातून पळाला आणि ट्रक चालवायला लागला. तो कुल्लूकडे खोली घेऊन राहायचा, उन्हाळ्यात खिंड उघडली की येऊन जायचा.

लहान घरांची शेतं गावाच्या खालच्या अंगाला, कड्याच्या अगदी काठावर होती. पाणी वरून यायचं. आधी मोठ्या घरांच्या पाळ्या, मग उरेल ते खाली.

आंगदुईच्या वडिलांना मी सगळ्यांसारखी मेमे म्हणायचे, म्हणजे आजोबा. नाव छुलतिम. त्यांच्या बायकोला आबी. मेमे उंच आणि वाळलेले, चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. आबी मला बोमो म्हणायची, पोरी. मोजमापाच्या कामात मी त्यांच्या शेतावरून गेले की बांधावर बसवून भाजलेल्या सातूचं पीठ चहात मळून द्यायची आणि मी खाईपर्यंत उठू द्यायची नाही.

पाटाच्या मुखावरून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी गाव जमलं. मोठ्या घरांचे कर्ते पुरुष एका ओळीत बसले. लहान घरांतली म्हातारी माणसं मागे भिंतीला टेकून. वर दगड फोडता येतील का यावर खूप बोलणं झालं. सुरुंग लावला तर उरलेलं पाझरणंही बंद होईल, असं बहुतेकांचं मत पडलं. मग सगळे आंगदुईकडे बघायला लागले.

तो उठला. टोपी काढून हातात घेतली.

"आहे ते पाणी सगळीकडे फिरवलं तर कुठलंच शेत पिकणार नाही," तो म्हणाला. "वरच्या शेतांना देऊ. पाळ्या पूर्वीसारख्याच." इथं तो थांबला. "खाली पाणी सोडायचं नाही."

मी मेमेंकडे पाहिलं. ते इतर म्हाताऱ्यांच्या मध्ये बसले होते. त्यांनी मान हलवली, हो म्हणून. त्यांच्यामागोमाग बाकीच्या म्हाताऱ्यांनीही हलवली. एका बाईनं डोळ्याला पदर लावल्यासारखं शालीचं टोक लावलं. बैठक उठली. बाहेर पडताना बाप-लेक दारात एकदम आले. आंगदुई बाजूला झाला आणि वडिलांना आधी जाऊ दिलं.

त्यानंतरचे दिवस फार वाईट होते. कारण खाली नदी होती.

मेमेंच्या शेताच्या काठावर उभं राहिलं की ती सबंध दिसायची. गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक धारा होऊन वाहणारी, राखेच्या रंगाची. सकाळी शांत असायची. दिवसभर ऊन वरच्या बर्फावर तापलं की संध्याकाळी फुगायची, आणि तिचा आवाज घराघरात यायचा. इकडे सातूची पानं टोकाकडून पिवळी पडत चाललेली, आणि खाली एवढं पाणी. मेमेंनी आधी डबा घेऊन उतरून पाहिलं. कड्याची पायवाट भुसभुशीत होती. डबा वर येईपर्यंत अर्धा हिंदकळून जायचा. मीही दोन-चार खेपा केल्या. त्या उंचीवर श्वास पुरत नसे. एका वाफ्याच्या कोपऱ्यात आम्ही ओतलेलं पाणी बघता बघता जमिनीत जिरलं आणि वर एक काळसर डाग राहिला. तोही दुपारी वाळला.

मग तांडुप आला. त्याला वाटेतच कळलं होतं. ट्रकमध्ये मागे डिझेलचा पंप आणि रबरी नळ्यांची वेटोळी होती. रस्त्याच्या एका ठेकेदाराकडून त्यानं मागून आणला होता.

"आचो, तू फक्त माणसं दे," तो आंगदुईला म्हणाला. आचो म्हणजे थोरला भाऊ. "पाणी मी चढवतो."

आंगदुईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी जीव आलेला पाहिला. सगळं गाव लागलं. पंप दोरांनी बांधून कड्यावरून खाली नदीकाठी नेला. नळ्या एकमेकींना जोडल्या, गाठीगाठींवर तारा आवळल्या. नळीचं वरचं तोंड मेमेंच्या शेताच्या काठावर आणलं. ते मेमेंनी दोन्ही हातांत धरलं. आबीनं बांधावर अगरबत्ती लावली. इतर लहान घरांतली म्हातारी माणसंही आपापली फावडी घेऊन येऊन बसली होती. पाणी आलं की पुढे त्यांच्याही वाफ्यांत न्यायचं ठरलं होतं.

खालून तांडुपनं पंप सुरू केला. धूर निघाला. त्या विरळ हवेत इंजिन दम लागल्यासारखं चालत होतं. नळी खालच्या टोकाकडून वरपर्यंत थरथरायला लागली.

"येतंय," मेमे म्हणाले.

सगळे उभे राहिले.

मेमेंनी नळीच्या तोंडाला गाल लावला. "वारा येतोय. गार आहे."

आम्ही थांबलो. इंजिन चालत होतं. नळी थरथरत होती. मेमे तसेच वाकून उभे. आंगदुई काठावरून खाली ओरडून विचारायचा, खालून तांडुप हात हलवून अजून थोडं, अजून थोडं, असं सांगायचा. शेवटी आंगदुई दोर धरून कड्यावरून उतरला आणि एकेक जोड सोडवत खाली खाली गेला. कड्याच्या निम्म्यावर आल्यावर पाणी भसकन बाहेर आलं, त्याच्या अंगावर, आणि मातीतून ओघळत परत नदीत गेलं. तिथून वर ते चढत नव्हतं. तांडुपनं इंजिनाचा कान पिळून पाहिला, नळ्या आखूड केल्या, पंप पाण्याच्या आणखी जवळ नेला. दिवसभर तो खटपट करत राहिला. पाणी त्याच ठिकाणी यायचं आणि थांबायचं. उन्हं कलली तशी नदी वाढायला लागली, म्हणून पंप ओढून काढावा लागला.

तांडुप वर आला तो हातपाय चिखलानं भरलेला. वडिलांसमोर उभा राहिला. "आबा, मोठा पंप पाहिजे. मी खाली जाऊन बघतो."

"बस आधी," मेमे म्हणाले. "चहा घे."

तांडुप खाली कुल्लूकडे गेला, शोधलं, आणि रिकाम्या हातानं परत आला. तोवर सातूच्या ओंब्या बाहेर डोकावायला लागल्या होत्या. दाणा भरायचा तर आताच पाणी पाहिजे होतं.

त्या सुमारास एका सकाळी मी खालच्या बांधांवर काम करत होते. आंगदुईची पाळी होती. पाट त्याच्या वाटाण्याच्या शेतात वळवलेला. मी बघत असताना तो फावडं घेऊन शेताच्या खालच्या टोकाला आला. आमच्याकडे वाफ्यांत पाणी वळवण्याला दारं धरणं म्हणतात आणि ते पुढे सोडण्याला दारं मोडणं, तेच त्यानं केलं. मातीचा बांध दोन घावांत फोडला आणि पाणी खाली सोडलं. कोरड्या चारीतून ते पानं, काड्या ढकलत मेमेंच्या शेताकडे निघालं. मला इतका आनंद झाला की मी हातातलं काम टाकून त्या पाण्याबरोबर चालायला लागले.

मेमे शेतातच होते. पाणी येताना त्यांनी पाहिलं. ते वाकले, बांधावरचं गवतासकट एक ढेकूळ उपटलं आणि चारीच्या तोंडात बसवलं. मग दुसरं. पाणी तुंबून मागे फिरलं.

आंगदुई धावत आला. "आबा, काय करताय?"

"पाणी वरचं आहे."

"माझ्या पाळीचं आहे. माझ्या पाळीचं पाणी मी कुठंही नेईन."

"नेशील की." मेमे तिसरं ढेकूळ बसवत होते. "उद्या वरचा नोरबू नेईल, त्याचीही आई खालीच आहे. परवा बाकीचे नेतील. मग वर काय पिकेल?"

"आज एकदाच. फक्त एकदा भिजू दे."

"एकदानं दाणा भरत नाही. तुलाही माहीत आहे."

आंगदुईनं वाकून ते ढेकूळ काढायला हात घातला. मेमेंनी त्यावर पाय ठेवला. दोघं तसेच उभे राहिले. बापाचा पाय आणि लेकाचा हात. पाणी त्यांच्या घोट्यांभोवती साठत होतं आणि कडेच्या रेताड मातीत जिरून चाललं होतं.

"तू या वर्षी गटपो आहेस," मेमे हळू म्हणाले. "पाणी वाया चाललंय. जा, वर दारं धर."

आंगदुईनं हात काढून घेतला. तो माझ्या जवळून गेला, पण मी तिथं आहे हे त्याला दिसलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मेमेंनी सातू कापायला घेतला. हिरवा-पिवळा, पोकळ ओंब्यांचा. निदान याकच्या वैरणीला येईल म्हणून. आबी घरातून बाहेर आली नाही. दारात बसून जपमाळ ओढत राहिली. मी विळा मागितला तर मेमे म्हणाले, "हात कापून घेशील." दुपारनंतर आबी उठली, आतून आपला विळा घेऊन आली आणि दुसऱ्या टोकानं कापायला बसली. ती मेमेंपेक्षा कितीतरी भराभर कापत होती. मधूनच एखादी ओंबी बोटांत चिरडून बघायची. आत दुधाळ ओल यायची, दाणा नसायचा. ती बोट पुसायची आणि पुन्हा कापायला लागायची.

संध्याकाळी देचेन आणि आंगदुई लहान घरी आले. मीही बरोबर होते. देचेननं लोण्याच्या चहाची केटली आणली होती.

"आबा, आमा, वर या," आंगदुई म्हणाला. "हिवाळा सगळे एकत्र काढू."

मेमे हसले. "वर कुठं बसू? चुलीजवळ एकच जागा असते. तिथून मी एकदा उठलोय."

"मी उठतो."

"गटपो उठत नसतो. आणि मला तिथं परत बसायचं नाही."

आबी आजवर माझ्यासमोर पुरुषांच्या बोलण्यात पडली नव्हती. ती म्हणाली, "वर चार तोंडं आहेत. यंदा त्या चारांनाच पुरेल की नाही कोण जाणे. आम्ही येऊन पोरींच्या ताटातलं खायचं का?"

देचेन रडायला लागली. आंगदुई खाली मान घालून बसला. त्या बोलण्यात एकही चूक नव्हती. तांडुप दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "माझ्याकडे चला. एक खोली आहे, पण तिथं धान्य विकत मिळतं. उन्हाळ्यात परत आणून सोडतो."

मेमेंनी आयुष्यात ते खोरं सोडलेलं नव्हतं. त्यांनी आबीकडे पाहिलं. आबीनं हो म्हणून मान हलवली.

माझंही काम आटोपलं होतं. खिंडीपलीकडे जायला मला वाहन हवंच होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर तांडुपच्या ट्रकनं निघाले. निघायच्या सकाळी लहान घरासमोर सगळं गाव आलं होतं. मेमे आणि आबीच्या गळ्यात पांढरी रेशमी उपरणी घातली गेली. आबीनं चूल विझवली, राख सारून ठेवली आणि दाराला कडी घातली. कुलूप नव्हतंच. देचेन आणि दोन्ही मुली ट्रकशी उभ्या होत्या. आंगदुई नव्हता.

"त्याची पाळी आहे," देचेन म्हणाली. "आज पाटाला थोडं पाणी जास्त आलंय. वाटाण्याला शेवटचं. सोडून आला तर..."

"नाही, नको यायला," मेमे म्हणाले. "पाणी सोडून येऊ नये."

केबिनमध्ये तांडुपशेजारी मेमे, मग आबी, मग दाराशी मी. रस्ता गावाखालून वळसा घेऊन समोरच्या चढाला लागायचा. तिथून सगळं गाव समोर दिसे. वरच्या शेतांचा हिरवा पट्टा, खाली कड्याच्या काठावर कापून मोकळी झालेली तपकिरी शेतं, त्याखाली नदी.

"थांबव," मेमे म्हणाले.

तांडुपनं ट्रक थांबवला. समोर, नदीपलीकडे वरच्या शेतात आंगदुई दिसत होता. आमच्याकडे पाठ करून, वाकून, फावड्यानं माती ओढत एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी घेत होता. मध्ये फक्त दरी होती. हाक मारली असती तर सहज पोचली असती.

तांडुपनं हॉर्नवर हात ठेवला. मेमेंनी त्याचं मनगट धरलं.

"नको. दारं धरलंय त्यानं. मान वर केली तर पाणी फुटेल."

बराच वेळ आम्ही तिथं थांबलो. आंगदुई एक वाफा भरून दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे. एकदाही वळला नाही. मेमे काचेतून बघत होते. आबी त्यांच्या खांद्यावरून. मग मेमे म्हणाले, "बरोबर धरतोय," आणि तांडुपला पुढे चल म्हणून खूण केली.

मेमे त्या हिवाळ्यात कुल्लूकडच्या खोलीत वारले. खिंड बर्फानं बंद होती. आंगदुईला ते कळलं तेव्हा वडिलांची राखही थंड झाली होती. हे सगळं मला तांडुपच्या पत्रातून समजलं. आबी उन्हाळ्यात परत गेली, पण लहान घरात नाही. ती मठाखालच्या एका खोलीत राहिली.

बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा त्या खोऱ्यात गेले. आंगदुईचे केस पांढरे झाले होते. थोरल्या मुलीचं लग्न होऊन जावई घरात आला होता आणि आंगदुई स्वतः लहान घरात राहायला गेला होता. पाटाचं तोंड गावानं हळूहळू मोकळं केलं होतं, तरी पाणी पूर्वीइतकं येत नव्हतं. खालची बहुतेक शेतं पडीक होती. मेमेंच्या शेतात काटेरी झुडपं उगवली होती.

आम्ही बांधावर बसलो होतो. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, "त्या दिवशी समोरच्या चढावर ट्रक थांबला होता."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"इंजिनाचा आवाज थांबला तेव्हाच मला कळलं." तो नदीकडे बघत होता. "किती वेळ थांबला होता तेही आठवतं."

"मग वळला का नाहीस?"

"वळलो असतो तर फावडं टाकून धावलो असतो." त्यानं गुडघ्यावरची माती झटकली. "नदीपर्यंत उतरलो असतो. पुढे पूल लांब. ट्रक काही मिळाला नसता."

मी विचारलं, "त्या वर्षी वाटाणे कसे आले?"

"चांगले आले," आंगदुई म्हणाला.